दुःखात देव जाणवत नाही तेव्हा काय करावे

दफनविधी होतो, घरी सांत्वनाची प्रार्थना होते, मुंबई-पुण्याचे नातेवाईक परततात. मग घर रिकामे होते आणि प्रार्थनेला बसलेल्या माणसाला वाटू लागते की आपले कोणी ऐकतच नाही. याला विश्वास संपल्याची खूण समजू नका. मोठ्या दुःखात भूक, झोप, चव सगळेच बधिर होते. देव जवळ असल्याची जाणीवही त्याच थकलेल्या मनाला व्हायची असते, म्हणून तीही बोथट होते. अशा वेळी भरवसा जाणिवेवर नको, लहानशा नेमावर ठेवा.

सुरुवात शरीरापासून करा. बायबलमधल्या १ राजे, अध्याय १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न त्यानंतर कितीतरी दिवसांनी येतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत उपास धरू नका. रात्रभर जागून प्रार्थना करण्याचा नवसही नको.

मग रोज दहा मिनिटे ठरवा, शक्यतो सकाळी, एकाच जागी. वही-पेन आणि बायबलमधले स्तोत्र १३ पुरे आहे. या स्तोत्राच्या सहा ओव्या तीन भागांत पडतात. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार आहे: कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार? पुढच्या दोनांत मागणे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. याच क्रमाने स्वतःचे लिहा. तक्रार नेमकी हवी. ‘मी दुःखी आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘प्रभू, आयसीयूबाहेर आम्ही सगळे गुडघ्यांवर होतो, तेव्हा तू कुठे होतास?’ असे लिहा. मागणे आजच्यापुरते ठेवा: आज रात्री झोप दे, बँकेत मृत्यूचा दाखला द्यायला जायचे आहे, तिथे सोबत राहा.

तिसरा भाग जमला नाही तर जागा कोरी सोडा. ओढूनताणून लिहिलेली स्तुती पुढे मनाला टोचते आणि मग वहीच बंद पडते. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याच्याकडे तक्रार करतो तो ऐकतो, एवढे त्यात आधीच मानलेले असते. वधस्तंभावर येशूनेही स्तोत्र २२ ची पहिली ओळ उच्चारली, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही.

शब्दच फुटत नसतील तर रोमकरांस ८:२६ धरा: पवित्र आत्माच कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. श्वास घेताना ‘प्रभू’, सोडताना ‘दया कर’. मध्यरात्री जाग आल्यावर एवढेच पुष्कळ.

बिघडते कुठे, तर बहुतेक वेळा दोन ठिकाणी. एक, डोळे मिटून बायबल उघडायचे आणि समोर येईल ते वचन देवाचे उत्तर मानायचे. कठोर न्यायाचे वचन आले की माणूस आणखी खचतो. दुसरे, ‘देवाची इच्छा’ हे उत्तर घाईने स्वीकारणे. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे जाताना येशू त्याला जिवंत उठवणारच होता, तरीही आधी रडला.

शंकेचे थोडे वेगळे आहे. आधी ओळखा, प्रश्न खरोखर बुद्धीचा आहे की रागाचा. बुद्धीचा असेल तर एका वेळी एकच प्रश्न लिहून पाळकांकडे किंवा फादरांकडे न्या. राग असेल तर पुस्तकी उत्तराने तो शमत नाही. तो वहीत देवापुढेच मांडा. घाई नको. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला.

मंडळी, म्हणजे चर्चमधली आपली माणसे, मात्र सोडू नका. येशू मेलेल्यांतून उठला या इतर शिष्यांच्या साक्षीवर शिष्य थोमाने विश्वास ठेवला नाही, तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, म्हणून येशू आला तेव्हा त्याला भेटला. उपासनेत मागच्या बाकावर बसा. गीत गाता आले नाही तर गाऊ नका, इतर गात असतात. रविवारची गर्दी सोसत नसेल तर शरणपूरच्या चर्चमध्ये किंवा नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात आठवड्यातल्या एखाद्या दिवशी जा. फेब्रुवारीतल्या यात्रेचे दिवस तेवढे टाळा.

सोबतीला एकच माणूस निवडा, जो उत्तरे देणार नाही. बायबलमधल्या, सारे काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री मुकाट जमिनीवर बसले तोवर ठीक होते, बोलायला लागल्यावर बिघडले. त्या माणसाला स्पष्ट सांगा: ‘दर बुधवारी ये, चहा घेऊ, एक स्तोत्र मोठ्याने वाच.’ जगूच नये असे विचार येत असतील तर त्याला त्याच दिवशी सांगा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. डॉक्टरकडे जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे.

२ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस, नाताळ आणि वर्षभरानंतरची पहिली स्मरणप्रार्थना, हे दिवस जड जातात. कबरस्थानात कोण सोबत येणार, नाताळच्या जेवणाआधी प्रार्थना कोण करणार आणि गेलेल्याचे नाव त्यात घ्यायचे का, हे आठवडाभर आधी घरात बोलून ठरवा.