मेट्रोचं काम रखडलंय? इंदूरकरांनो, कागद असे मागा

"मेट्रो कधी होणार" हे इंदूरात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे, काम जोरात चाललंय. मग आपण पोह्याच्या ठेल्यावर उभे राहून शिव्या घालतो, सानंदच्या नाटकाच्या मध्यंतरातही घालतो आणि घरी येतो. शिव्या घालायला माझी काही हरकत नाही, पण त्याच वेळात दहा रुपयांत माहिती अधिकाराचा एक अर्ज होतो आणि त्या अर्जाला उत्तर देणं समोरच्याला भाग असतं, तर तो कसा करायचा ते लिहितोय, जरा लांबेल.

आधी आपलं गणित काय आहे ते बघा. केंद्राची मंजुरी ऑक्टोबर 2018 ची, साधारण 31 किलोमीटरची रिंग, खर्च साडेसात हजार कोटी. भूमिपूजन 14 सप्टेंबर 2019, ट्रायल रन सप्टेंबर 2023 आणि पॅसेंजर बसला तो 31 मे 2025 ला, तेही सुपर कॉरिडॉरवरच्या पाच स्टेशनांत, जेमतेम सहा किलोमीटर, जिथं अजून वस्तीच नीट झालेली नाही. पहिल्या आठवड्यात फुकट होतं म्हणून पोराबाळांना घेऊन सगळे फोटो काढून आले, मग गर्दी ओसरली. म्हणजे मंजुरीपासून साडेसहा वर्षांत पाचवा हिस्सा. यात कोविड होता, मान्य. पण सगळंच कोविडच्या माथी मारता येत नाही ना, एमजी रोड आणि राजवाड्याकडचा भाग वरून न्यायचा की अंडरग्राउंड, अंडरग्राउंड तर कुठून, यावर वर्षानुवर्षं मीटिंगा चालल्या, आणि डिझाईनचा असा घोळ काम सुरू झाल्यावर घातला की कॉन्ट्रॅक्टर हात वर करायला मोकळा होतो, वरून जास्तीच्या पैशांचा क्लेम पण टाकतो.

आता पहिली गोष्ट म्हणजे "मेट्रो" हा शब्द अर्जातून काढून टाका. म्हणजे कंपनीचं नाव लिहायचंच, पण पूर्ण मेट्रोबद्दल विचारायचं नाही. तुमच्या घरासमोरचा, दुकानासमोरचा तुकडा पकडा, या चौराह्यापासून त्या चौराह्यापर्यंत. सगळं काम पॅकेजमध्ये वाटलेलं असतं, या पिलरपासून त्या पिलरपर्यंत एक कॉन्ट्रॅक्ट, स्टेशनांचं कधी वेगळं, ट्रॅकचं वेगळं, सिग्नलचं वेगळं. पॅकेजचा नंबर बहुतेक वेळा बॅरिकेडवरच्या नाहीतर साइटच्या बोर्डावर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, पिलरवर नंबर असतो तोही घ्या. बोर्डच नसेल तर तीच पहिली तक्रार.

दुसरं म्हणजे कुणाकडे काय आहे ते वेगळं करा, नाहीतर अर्ज फुटबॉलसारखा फिरतो. पिलर, गर्डर, स्टेशन, बॅरिकेड हे मेट्रो कंपनीचं, म्हणजे मध्य प्रदेश मेट्रो रेल कॉर्पोरेशनचं, ज्यात राज्य आणि केंद्र अर्धे-अर्धे आहेत. नर्मदेच्या पाण्याची लाइन, ड्रेनेज, बॅरिकेड नसलेला रस्ता हे नगर निगमचं. विजेचे खांब आणि केबल वीज कंपनीचे. डायव्हर्शन ट्रॅफिक पोलिसांचं. निम्मा उशीर या लोकांच्या मधल्या फटीत असतो, पाइप हलवायचा होता, निगम म्हणतं पैसे भरा, मेट्रो म्हणते भरले, आणि तोवर खड्डा तसाच. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तरी माहिती अधिकाराच्या कलम 6(3) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, त्यामुळे त्या भीतीनं थांबू नका.

आता मुख्य मुद्दा. "काम उशिरा का झालं" असं विचारलंत की उत्तर येतं, का-कशासाठी ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. आणि ते चूक नाही हो, कायदा ऑफिसात असलेला रेकॉर्ड देतो, नवीन खुलासा लिहून द्यायला अधिकारी बांधील नाही, सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये हे स्पष्टच केलंय. म्हणून कारण विचारायचं नाही, ज्या कागदात कारण लिहिलेलं आहे तो कागद मागायचा.

असे कागद कुठले? सगळ्यात कामाचं म्हणजे हिंड्रन्स रजिस्टर. नाव ऐकलं नसेल तर सांगतो, सरकारी बांधकामात साइटवर ही वही ठेवतात, काम कुठल्या अडचणीनं थांबलं, कुठल्या तारखेला थांबलं, अडचण कधी सुटली, मधे किती दिवस गेले आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. "झाड कापायची परवानगी नाही", "पाण्याची लाइन हलवली नाही", "जमीन ताब्यात नाही", "ड्रॉइंग मिळालं नाही", अशा ओळी असतात. यात सगळं उघडं पडतं, कारण ड्रॉइंग मिळालं नाही असं लिहिलंय म्हणजे उशीर कॉन्ट्रॅक्टरचा नाही, साहेबांचा आहे, आणि ज्या महिन्यात एकही एंट्री नाही पण साइटवर चिटपाखरू नव्हतं तो महिना कॉन्ट्रॅक्टरचा. प्रत्येक ठिकाणी याच नावानं ठेवतील असं नाही, म्हणून अर्जात "हिंड्रन्स रजिस्टर अथवा उसके समान कोई भी अभिलेख" असं लिहायचं, नाहीतर असं रजिस्टर आमच्याकडे नाही म्हणून एका ओळीत वाटेला लावतात.

दुसरा कागद ईओटी, म्हणजे मुदतवाढीचा आदेश. तुम्ही घराचं काम मिस्त्रीला दिवाळीपर्यंत दिलंत आणि त्यानं संक्रांत उजाडवली, तर आधी बघाल की फरशी तुम्ही उशिरा आणून दिलीत की तो दुसऱ्या साइटवर पळाला, आणि मग पैसे कापायचे का ते ठरवाल. इथं तेच, फक्त कोटींत. मुदतवाढ दोन प्रकारची मिळते, दंड लावून किंवा दंडाशिवाय. दंडाशिवाय दिली म्हणजे ऑफिसनंच मान्य केलं की चूक कॉन्ट्रॅक्टरची नव्हती, मग चूक कुणाची ते त्या फायलीतल्या नोटशीटवर, म्हणजे साहेबलोकांच्या शेऱ्यांच्या पानावर असतं. दंडाला एलडी म्हणतात आणि बहुतेक कॉन्ट्रॅक्टमध्ये त्याला एकूण रकमेच्या 10 टक्क्यांसारखी मर्यादा असते, म्हणजे 200 कोटींच्या कामात जास्तीत जास्त 20 कोटी, पुढं कितीही उशीर करा. म्हणून एलडी किती लावला आणि त्यातला प्रत्यक्ष बिलातून कापला किती, हे दोन आकडे वेगळे मागा, कागदावर लावलेला आणि वसूल झालेला यात फार अंतर असू शकतं.

बाकी मग महिन्याचा प्रोग्रेस रिपोर्ट, जो जनरल कन्सल्टंट, म्हणजे कामावर देखरेखीला नेमलेला सल्लागार देतो, त्यात ठरलेलं काम इतके टक्के आणि झालेलं इतके टक्के असं शेजारी-शेजारी असतं, आणि व्हेरिएशन ऑर्डर, म्हणजे मूळ कामात नंतर केलेले बदल आणि त्यांचे पैसे. एवढं पुरे. जास्त मागितलंत तर कलम 7(9) काढतात, एवढी माहिती गोळा करायला ऑफिसचा खूप वेळ जाईल म्हणून.

अर्ज मराठीत चालत नाही हे लक्षात ठेवा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे आणि आपल्याकडे राजभाषा हिंदीच. साधारण असं लिहा:

"पैकेज क्रमांक (अमुक) के अंतर्गत (अमुक) चौराहे से (अमुक) चौराहे तक के कार्य के संबंध में 1 अप्रैल से 30 सितंबर तक की अवधि के निम्न अभिलेखों की सत्यापित प्रति दें: हिंड्रन्स रजिस्टर अथवा उसके समान अभिलेख, समयवृद्धि के समस्त आदेश नोटशीट सहित, अधिरोपित एवं वसूल किए गए एलडी का विवरण, मासिक प्रगति प्रतिवेदन।"

साल तेवढं घाला आणि बस. कशासाठी हवंय ते लिहायची गरज नाही, कलम 6(2) मध्ये तशी सूटच आहे, आणि "मैं एक जागरूक नागरिक हूँ" वगैरे पण नको, उगाच समोरचा सावध होतो. फी दहा रुपये, आणि स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. माहिती अधिकारी कोण ते कंपनीच्या वेबसाइटवर बघून घ्या.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्यानंतर माहिती फुकट द्यावी लागते, कलम 7(6), हे त्यांना आठवण करून द्यावं लागतं कारण स्वतःहून कुणी सांगत नाही. "व्यापारिक गोपनीयता" म्हणून 8(1)(घ) लावून नाकारलं तर घाबरू नका, मुदतवाढीच्या आदेशात कसलं आलंय व्यापारी गुपित, पैसा जनतेचा आहे, हेच पहिल्या अपिलात लिहा. पहिलं अपील तीस दिवसांच्या आत, दुसरं नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे. तिथं तारीख पडायला वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा.

एक हक्क लोक वापरतच नाहीत, कलम 2(ञ). त्यात कागदच नाही तर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि मटेरियलचा प्रमाणित नमुना घेण्याचा अधिकार आहे. कॉलनीतले तीन-चार जण मिळून जा, त्यात एखादे रिटायर्ड पीडब्ल्यूडीवाले काका असले तर उत्तम, आपल्याकडे सुदामा नगरापासून लोकमान्य नगरापर्यंत असे काका गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना फाइल वाचता येते, आपल्याला नाही. तेही खूश होतात.

खड्डा, धूळ, बॅरिकेडचा निघालेला पत्रा, रात्री लाइट नाही, असल्या गोष्टींना माहिती अधिकार लावू नका, त्याला 181 आहे. सीएम हेल्पलाइनवर तक्रार टाका, फोटो काढा आणि लोकेशन लिहा. तक्रार एल-1 पासून एल-4 पर्यंत, म्हणजे खालच्या साहेबाकडून वरच्या साहेबाकडे चढत जाते आणि खरी मजा तेव्हाच येते, कारण मग खालच्या साहेबांचे फोन सुरू होतात, "सर बंद करवा दो ना, काम हो जाएगा". काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय "संतुष्ट" म्हणायचं नाही. कितीही गोड बोलले तरी नाही. फोर्स क्लोज केली, म्हणजे तुम्हाला न विचारता बंद केली, तर त्याच नंबरचा उल्लेख करून पुन्हा टाका आणि तो प्रिंट घेऊन मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत जा. पण रूट बदला, स्टेशन हलवा अशा मागण्या 181 वर टाकू नका, त्या तिथं चालत नाहीत.

आणि कोर्टात गेलं की सगळं सुटतं असं वाटत असेल तर बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध बससाठी राखलेली लेन बघा. 2013 मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा साडेअकरा किलोमीटरचा कॉरिडॉर झाला, फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टानं तो काढायची परवानगी दिली, आणि नुसत्या रेलिंग आणि बसस्टॉप काढायच्या कामाला टेंडर, कॉन्ट्रॅक्टर, पुन्हा तारीख असं करत महिनोन् महिने गेले, कोर्टाला पुन्हा झापावं लागलं. बांधायला उशीर समजू शकतो, पाडायला पण उशीर! तर याचिका करायचीच असेल तर आधी वरचे कागद हातात घ्या, वकील पहिलं तेच मागतो.

अंडरग्राउंड भागाच्या आसपास राहणाऱ्यांसाठी अजून एक रस्ता आहे. मेट्रोला परदेशी बँकांचं कर्ज आहे, न्यू डेव्हलपमेंट बँक आणि अंडरग्राउंडसाठी एडीबी, म्हणजे आशियाई विकास बँक. एडीबी आपल्या साइटवर पर्यावरणाचे आणि विस्थापनाचे रिपोर्ट टाकते, कुणाचं घर-दुकान जातंय, भरपाई कशी, तक्रार कुणाकडे करायची हे सगळं त्यात असतं, आणि कर्ज देणाऱ्याला लिहिलेल्या पत्राची प्रत मेट्रो कंपनीला पाठवली की इथल्या ऑफिसात पंखा जरा जोरात फिरायला लागतो. पत्र इंग्रजीत लागेल, घरातल्या पोरांना बसवा.

कागद मिळाले की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फेकू नका. आधी एका कोऱ्या पानावर दोन रकाने करा, एकात हिंड्रन्सच्या तारखा, दुसऱ्यात मुदतवाढीच्या, आणि जिथं अडचण चाळीस दिवसांची पण वाढ सहा महिन्यांची दिसेल तिथं लाल पेनानं गोल करा. पुढचा अर्ज फक्त त्या गोलांवर टाकायचा, आणि तेच पान झेरॉक्स करून पार्षदाला आणि पेपरच्या सिटी रिपोर्टरला द्यायचं, त्यांना आयतं हवंच असतं.