सर्व्हरच्या डिस्क एन्क्रिप्टेड आहेत म्हणता? मग या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या कारखान्यांत नवा सर्व्हर घेताना हल्ली कोटेशनमध्ये ‘एसईडी’ म्हणजे सेल्फ एन्क्रिप्टिंग ड्राइव्ह (डेटा आपोआप सांकेतिक करून ठेवणारी डिस्क) ही ओळ हमखास दिसते. त्याचे जास्तीचे पैसेही मोजले जातात. कस्टमरचं ऑडिट आलं की मालक सांगून मोकळे होतात, ‘आमचा सगळा डेटा हार्डवेअर लेव्हलला एन्क्रिप्टेड आहे.’ बोलणं खोटं नसतं. पण त्या डिस्क लॉक केल्यात का, असं विचारलं की सगळे सर्व्हर बसवून देणाऱ्याकडे बघतात.

सर्वात मोठी चूक इथेच होते. एसईडीमधली चिप लिहिला जाणारा प्रत्येक बाइट एईएस या प्रमाणित पद्धतीने एन्क्रिप्ट करते, बहुतेक वेळा २५६ बिटच्या किल्लीने. ही किल्ली डिस्कमध्येच असते आणि एन्क्रिप्शन कारखान्यातून निघाल्यापासून चालूच असतं, ते बंद करता येत नाही. मात्र त्या किल्लीवर तुमचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) चढवला नसेल, तर वीज मिळताच डिस्क विचारणा न करता उघडते. ती काढून दुसऱ्या मशीनला लावा, टॅलीपासून कस्टमरच्या ड्रॉइंगपर्यंत सगळं वाचता येईल. कडी-कुलूप भारी, पण किल्ली कुलपालाच लटकलेली, असा हा प्रकार.

तपासायला पाच मिनिटं लागतात. मेगारेड जातीचा कंट्रोलर (सर्व्हरच्या डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) असेल तर त्याच्या ‘स्टॉरसीएलआय’ या कमांड टूलने एकेका डिस्कची पूर्ण माहिती काढा. ‘एसईडी केपेबल = येस’ ही ओळ बघून थांबू नका. त्याच्याच आसपास ‘एसईडी एनेबल्ड’ आणि ‘सिक्युअर्ड’ असतं. तिथे ‘नो’ असेल तर तुम्ही नुसतीच महाग डिस्क वापरताय. कंट्रोलरशिवाय लिनक्सवर ओपल डिस्क (ओपल या लॉकिंगच्या मानकाची एसईडी) असेल तर ‘सेडयुटिल’ या टूलच्या क्वेरीत ‘मीडिया एन्क्रिप्ट = वाय’ आणि ‘लॉकिंग एनेबल्ड = एन’ अशी जोडी सापडते. अर्थ तोच.

चोर एकटी डिस्क नेत नाही

समजा, डिस्क लॉक केल्या आणि सिक्युरिटी की, म्हणजे लॉक उघडणारी किल्ली, कंट्रोलरवरच ठेवली. यालाच लोकल की मॅनेजमेंट म्हणतात आणि छोट्या ऑफिसांत तेच असतं. खराब डिस्क वॉरंटीत परत गेली किंवा कुणी एक डिस्क खिशात घातली, तर तुम्ही सुरक्षित आहात. पण सुट्टीच्या दिवशी शेडमधून अख्खा सर्व्हरच गेला तर? कंट्रोलर आत, किल्लीही आत. प्लग लावला की डिस्क आपोआप उघडतात.

यावर दोन उपाय आहेत. काही कंट्रोलरवर बूट होताना पासफ्रेज मागण्याची सोय असते. पण मे महिन्यातल्या वळवाने रात्री लाइट गेली आणि यूपीएसही बसला, तर पहाटे वीज आल्यावर सर्व्हर पासफ्रेजची वाट बघत उभा राहील आणि पहिल्या शिफ्टला ईआरपी उघडणार नाही. दुसरा उपाय म्हणजे केएमआयपी (किल्ल्यांची देवाणघेवाण करण्याची ठरलेली भाषा) बोलणारा वेगळा की सर्व्हर. किल्ली नेटवर्कवरून येते, त्यामुळे चोरलेलं मशीन बाहेर उघडत नाही. माझं मत विचाराल तर एकच सर्व्हर असलेल्या युनिटने की सर्व्हरच्या फंदात पडू नये. रॅकला चांगलं कुलूप आणि बूट पासफ्रेज पुरे, फक्त पहिल्या शिफ्टला तो टाकणारा विश्वासाचा माणूस हवा.

की सर्व्हर घेतलाच, तर तो त्याच एन्क्रिप्टेड स्टोरेजवर व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला आभासी सर्व्हर) करून ठेवू नका. एरवी सगळं सुरळीत चालतं. पूर्ण शटडाउन झाला की स्टोरेज किल्लीसाठी थांबतं आणि किल्ली देणारं मशीन स्टोरेज उघडण्यासाठी. की सर्व्हर वेगळ्या हार्डवेअरवर हवा, शक्यतो दोन.

कंट्रोलर जळाला, आता?

बदली कार्ड बसवलं की जुन्या डिस्क ‘फॉरेन’ (दुसऱ्या कार्डावरच्या) आणि ‘लॉक्ड’ दिसतात. घाबरू नका, आणि कुणी ‘क्लिअर फॉरेन कॉन्फिग’ म्हणजे जुनी मांडणी पुसणं सुचवलं तर त्याचा हात धरा. स्क्रीनवर जुन्या किल्लीचा की आयडी दिसतो. त्याचा पासफ्रेज टाकून आधी अनलॉक करायचं, मग इम्पोर्ट, म्हणजे जुनी मांडणी नव्या कार्डावर घ्यायची. पासफ्रेजच सापडत नसेल तर इथून पुढे कुठलाही डेटा रिकव्हरीवाला उपयोगाचा नाही, पुण्याचा असो की मुंबईचा.

तो हरवतो कसा, तर त्याच सर्व्हरवरच्या एक्सेल शीटमध्ये लिहून ठेवल्यामुळे! किंवा तो फक्त एएमसीवाल्याला (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्याला) माहीत असतो आणि एएमसी बदललेली असते. पासफ्रेज आणि की आयडी कागदावर लिहून पाकिटात सील करा. एक प्रत ऑफिसच्या तिजोरीत, दुसरी बँक लॉकरमध्ये. पासफ्रेज बदलला की त्याच दिवशी पाकीट बदला.

ओपल डिस्कच्या लेबलवर ३२ अक्षरांचा पीएसआयडी छापलेला असतो. तो टाकला की अडकलेली डिस्क उघडेल असा अनेकांचा समज आहे. डिस्क वापरण्याजोगी होते खरी, पण आतली किल्लीच बदलते आणि जुना डेटा कायमचा जातो.

खराब डिस्क बदलल्यावर रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) सुरू होत नसेल तर आधी स्पेअर डिस्कचा मॉडेल नंबर बघा. सिक्युअर केलेल्या व्हर्च्युअल डिस्कमध्ये (कंट्रोलरने अनेक डिस्क जोडून केलेल्या एका डिस्कमध्ये) साधी डिस्क चालत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घाईत आणलेली, तेवढ्याच क्षमतेची बिगर-एसईडी डिस्क कंट्रोलर मुकाट्याने बाजूला ठेवतो.

स्वस्तातल्या एसएसडीवर मात्र फार विसंबू नका. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही मॉडेल्सचं हार्डवेअर एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय भेदून दाखवलं. विंडोजचं एन्क्रिप्शन करणारा बिटलॉकर तेव्हा अशा डिस्कवर स्वतःचं काम डिस्कवरच सोपवत होता. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये ही पद्धत बदलली. जुन्या मशीनवर बिटलॉकरच्या ‘मॅनेज-बीडीई’ या कमांडचं स्टेटस बघा. ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’ लिहिलेलं असेल तर ड्राइव्ह डिक्रिप्ट करून सॉफ्टवेअर पद्धतीने पुन्हा एन्क्रिप्ट करा.

आणि फाइली अडकवून खंडणी मागणारं रॅन्समवेअर? त्याचा याच्याशी काही संबंध नाही. सर्व्हर चालू असताना डिस्क उघडीच असते, व्हायरसलाही आणि अकाउंटंटलाही. बॅकअपचंही तेच. डिस्कमधून बाहेर पडणारा डेटा साधाच असतो, म्हणून मालकाच्या गाडीत फिरणारी यूएसबी डिस्क वेगळी एन्क्रिप्ट करावी लागते. रुग्णांच्या फाइली सांभाळणाऱ्या हॉस्पिटलांनी तर आधी तिकडेच बघावं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

भंगारात देण्याआधी डिस्कवर क्रिप्टो इरेज (आतली किल्ली बदलून जुना डेटा निकामी करणारी कमांड) चालवा. किल्ली बदलायला काही सेकंद लागतात, तासन्‌तास पुसत बसायला नको. सीरियल नंबर आणि तारीख रजिस्टरला लिहा. डिस्क इतकी मेलेली असेल की कमांडला उत्तरच देत नाही आणि ती कधी लॉकही केलेली नव्हती, तर ड्रिल मशीन, एसएसडी असेल तर थेट चिपांवर. अंबडमध्ये ते काही शोधावं लागत नाही.