मराठी पुस्तक एजंटकडे सोपवण्यापूर्वीची तयारी

मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये तिसरी व्यक्ती असण्याचा रिवाज नाही. दिवाळी अंकांतून कथा येत राहतात, पुस्तकापुरत्या जमल्या की लेखक बाड घेऊन गिरगावातल्या, दादरमधल्या किंवा पुण्यातल्या प्रकाशकाकडे जातो आणि पुढचे सारे बोलणे समोरासमोर होते. लिटररी एजंटची, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तकाचे हक्क विकून मिळालेल्या रकमेतला वाटा घेणाऱ्या व्यक्तीची, गरज पडते ती पुस्तक मराठीबाहेर न्यायचे ठरल्यावर. २०२२ साली एका हिंदी कादंबरीच्या आणि २०२५ साली कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाल्यापासून मराठी लेखकही याविषयी अधिक विचारू लागले आहेत. माझ्या एका कादंबरीसाठी गेली चार वर्षे मी एजंटबरोबर काम करते आहे आणि मुंबईतल्या पाच-सहा लेखक मित्रमैत्रिणींचे अनुभवही जवळून पाहिले आहेत. ज्यांचे पुस्तक मराठीत छापून झाले आहे आणि येत्या काही महिन्यांत एजंटला पत्र लिहिण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी ही यादी लिहिते आहे.

सर्वांत आधी आपल्याला एजंट खरोखर हवा आहे का, याचा हिशेब कागदावर मांडावा. ३०० रुपये किमतीच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण संपली आणि रॉयल्टी १० टक्के असली, तर लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतात. त्यावर १५ टक्क्यांनी एजंटचा वाटा ४,५०० रुपये होतो, आणि एवढ्या रकमेसाठी कोणीही दोन वर्षे आपल्या पुस्तकामागे धावू शकत नाही. त्यामुळे पुस्तक केवळ मराठीतच काढायचे असेल तर थेट प्रकाशकाकडे जावे. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी करावी. इंग्रजी अनुवाद, परदेशी आवृत्ती, ऑडिओबुक, चित्रपट किंवा वेबमालिका यांपैकी काही मनात असेल, तरच पुढची तयारी उपयोगाची आहे.

दुसरे काम कपाटातले जुने करारनामे बाहेर काढण्याचे आहे, आणि या कामाला मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. एजंटने मला पहिल्या भेटीत कादंबरीविषयी काहीही विचारले नाही. त्याने विचारले की अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत. मी ठामपणे म्हणाले की माझ्याकडे. घरी येऊन दोन पानांचा करार वाचला तेव्हा ‘पुस्तकाचे सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क प्रकाशकाकडे राहतील’ हे वाक्य सापडले, जे पहिल्या कादंबरीच्या आनंदात सही करताना मी नीट वाचलेच नव्हते. प्रकाशकांशी संबंध चांगले होते, कोणाचा हेतू वाईट नव्हता, तरीही ना हरकत पत्र मिळायला सात महिने लागले आणि तोवर ज्या इंग्रजी संपादिकेने उत्सुकता दाखवली होती ती नोकरी बदलून दुसरीकडे गेली. ती संधी पुन्हा आली नाही.

म्हणून प्रत्येक लेखकाने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले निदान १९ वे कलम समजून घ्यावे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असल्याखेरीज वैध ठरत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते समजले जाते. आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर ज्या हक्काचा वापर हस्तांतरणापासून एक वर्षात झाला नाही त्यापुरते ते हस्तांतरण संपुष्टात आले असे धरले जाते. अनुवादाचा हक्क हा पुस्तक छापण्याच्या हक्काहून वेगळा आहे, त्यामुळे ज्या करारात फक्त मराठी आवृत्तीचा उल्लेख आहे तिथे अनुवादाचा हक्क लेखकाकडेच राहतो. अनेक मराठी लेखकांकडे करारच नसतो, सगळा व्यवहार शब्दावर झालेला असतो; कायद्याच्या दृष्टीने त्यांची बाजू उलट भक्कम असते. तरीसुद्धा कायदा आपल्या बाजूने आहे एवढ्यावर विसंबू नये. प्रकाशकांना भेटून ‘अनुवाद, ध्वनी आणि दृश्य माध्यमांचे हक्क लेखकाकडे आहेत’ असे चार ओळींचे पत्र तारीख आणि सहीसह घ्यावे, कारण इंग्रजी प्रकाशकाचा कायदा विभाग कलमांची चर्चा करत बसत नाही, तो कागद मागतो.

याच बैठकीत आजवर कोणाकोणाला काय लिहून दिले आहे त्याचीही यादी करावी. कोणती कथा कोणत्या दिवाळी अंकात कोणत्या वर्षी आली, कोणत्या नाट्यसंस्थेला प्रयोगाची परवानगी दिली, कोणाला वाचनाचे ध्वनिमुद्रण करू दिले, हे सारे त्यात यावे. मुंबईत राहणाऱ्या लेखकाने चित्रपटाच्या बाबतीत विशेष जपावे, कारण इथे एखादा तरुण दिग्दर्शक ओळखीने घरी येतो, कथा फार आवडली म्हणतो आणि चहा होईपर्यंत एक कागद पुढे ठेवतो. माझ्या एका मित्राने लघुपटासाठी म्हणून अशी सही केली. लघुपट झाला नाही, पण कागदावर ‘सर्व दृश्य माध्यमे’ असे शब्द आणि १० वर्षांची मुदत होती, आणि पुढे त्याच्या एजंटकडे वेबमालिकेची विचारणा आली तेव्हा तो कागद आडवा आला. पुस्तकात दुसऱ्याच्या कवितेच्या किंवा चित्रपटगीताच्या ओळी असतील तर त्यांची परवानगीही आत्ताच पाहावी. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. मी एका प्रकरणाच्या माथ्यावरच्या चार ओळी काढून टाकल्या आणि प्रकरणाचे काही बिघडले नाही.

तिसरी तयारी मजकुराची. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची बहुतेक मराठी पुस्तके डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत, आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांची रांग दिसते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा लिपिव्यवस्थेत, आणून घ्यावा आणि त्यानंतर छापील प्रत शेजारी ठेवून ओळीओळीने मुद्रितशोधन करावे, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास मोडतात. माझ्या २४० पानांना तीन आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या. एकूण शब्दसंख्याही मोजून ठेवावी. आपण पुस्तकाची लांबी पानांत सांगतो, इंग्रजी व्यवहारात ती शब्दांत विचारतात. शिवाय मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येत असल्यामुळे अनुवादात शब्द बरेच वाढतात, हे एजंटला सांगून ठेवलेले बरे.

चौथी तयारी नमुना अनुवादाची. बहुतेक एजंट आणि जवळजवळ सर्व इंग्रजी संपादक मराठी वाचत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासमोर आपली कादंबरी म्हणजे एक-दोन पानांचा इंग्रजी सारांश आणि तीस ते पन्नास पानांचा अनुवाद एवढीच असते. सारांशात शेवटही सांगावा. ‘पुढे काय होते ते वाचकाने ठरवावे’ अशी मलपृष्ठावरची वाक्ये इथे चालत नाहीत. अनुवाद घरातल्या इंग्रजी चांगले असलेल्या मुलाकडून करून घेऊ नये. साहित्यिक अनुवाद करणारी व्यक्ती शोधावी, तिला नमुन्याचे मानधन द्यावे आणि पुढे पुस्तक विकले गेले तर तिचा वाटा किती, नाव मुखपृष्ठावर येणार की नाही, हे आधीच लिहून ठेवावे. अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र कॉपीराइट असतो, म्हणून हे बोलणे लांबवले तर एजंटला विकता येईल असे काही हातातच राहत नाही. आंतरराष्ट्रीय बुकरचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांना निम्मेनिम्मे मिळतात, यावरून या कामाचे मोल ध्यानात यावे.

नमुन्यासाठी कोणता भाग निवडायचा, याविषयी माझे मत अनुभवातून बदलले. माझी कादंबरी १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबागमधल्या एका चाळीत घडते. परक्या वाचकाला सोपे जावे म्हणून आम्ही आधी नायिकेच्या कॉलेजचे प्रकरण पाठवले, ज्यात समजावून सांगावे असे काहीच नव्हते. एजंटने लिहिले की हे कोणत्याही शहरात घडू शकेल. मग दहा बाय बाराच्या खोलीची दोन भावांत वाटणी होते ते प्रकरण घेतले. त्यात पोटमाळा होता, मोरी होती, नळाच्या वेळा होत्या, पागडीचा वाद होता. अनुवादिकेने मला सत्तावन्न प्रश्न पाठवले. पोटमाळ्यावर उभे राहता येते का, मोरीला दार असते का, गॅलरी कोणाच्या मालकीची, असे. त्या प्रश्नांनी मलाच माझी खोली पुन्हा नीट दिसली आणि अनुवादात शब्द मूळचे राहूनही दृश्य स्पष्ट उभे राहिले. होकार त्या प्रकरणावर आला. तेव्हा जे प्रकरण अनुवादाला सर्वांत अवघड वाटते, ते निदान एकदा करून पाहावे.

आता एजंटची निवड. आपल्या आवडीच्या अनुवादित पुस्तकांतली ऋणनिर्देशाची पाने वाचावीत. एजंटचे नाव बहुधा तिथेच सापडते. त्या व्यक्तीने भारतीय भाषांतली पुस्तके याआधी विकली आहेत का आणि परदेशात तिचे सहकारी कोण आहेत, हे विचारायला संकोच करू नये. हस्तलिखित वाचण्याचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नये, कारण एजंटची कमाई पुस्तक विकले गेल्यानंतरच्या वाट्यातून व्हायची असते. एका मैत्रिणीने ‘संपादन आणि एजंट’ अशा एकत्रित पॅकेजचे ४०,००० रुपये भरले आणि वर्षाअखेरीस तिला प्रकाशकांच्या ईमेल पत्त्यांची यादी मिळाली. तिच्या निवृत्तिवेतनातले पैसे होते ते; मला त्याचे अजून वाईट वाटते.

पत्र एका पानाचे असावे. त्यात कादंबरी कशाविषयी आहे, शब्दसंख्या किती, मराठीत कधी आणि कोठे प्रसिद्ध झाली, पुरस्कार असल्यास कोणते आणि हक्क कोणाकडे आहेत, एवढे पुरते. एकाच वेळी अनेक एजंटना लिहिणे रीतीला धरून आहे, फक्त तसे पत्रात सांगावे. मात्र त्याच काळात स्वतः इंग्रजी प्रकाशकांना मजकूर पाठवत बसू नये, कारण एकदा नाकारलेले पुस्तक एजंटला त्याच संपादकाकडे पुन्हा नेता येत नाही. उत्तराला दोन-तीन महिने लागतात. मी नऊ जणांना लिहिले, चौघांकडून काहीच उत्तर आले नाही, तिघांनी सौजन्याने नकार दिला, दोघांनी पुढचे मागितले.

होकार आल्यावर एजंटबरोबरचा करार सही करण्यापूर्वी घरी आणून दोन दिवस ठेवावा. तो या एका पुस्तकाचा आहे की पुढच्या सर्व लेखनाचा, हे पाहावे. मराठी मूळ आवृत्तीची रॉयल्टी त्यातून स्पष्टपणे वगळावी. वाटा किती आणि परदेशी उपएजंट आला तर एकूण किती, हे आकड्यांत असावे. इंग्रजी व्यवहारात साधारणपणे देशातल्या विक्रीवर १५ टक्के आणि परदेशी व अनुवाद हक्कांवर २० टक्के घेतात. पैसे प्रकाशकाकडून एजंटकडे येतात आणि त्याचा वाटा वळता होऊन लेखकाला मिळतात, म्हणून किती दिवसांत मिळतील हे लिहिलेले हवे. संबंध संपवायचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची, हेही हवे. मात्र त्याने जे व्यवहार जुळवले त्यांवरचा वाटा त्यानंतरही त्याला मिळत राहतो आणि ते न्याय्य आहे. चित्रपटाची विचारणा थेट आपल्याला आली तर उत्तर कोण देणार, हे मुंबईतल्या लेखकाने आवर्जून ठरवून घ्यावे.

पैशांच्या कागदांत पॅन आणि बँक खात्यावरचे नाव पुस्तकावरच्या नावाशी जुळते का ते पाहावे. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची इथे अडचण होते. भारतीय प्रकाशक रॉयल्टीवर करकपात करतात, तिचा दाखला दरवर्षी मागून घ्यावा. परदेशी प्रकाशक असेल तर दोनदा कर कापला जाऊ नये म्हणून आयकर विभागाचा करनिवासी दाखला लागतो आणि तो मिळायला वेळ जातो. अॅडव्हान्स, म्हणजे प्रकाशकाने दिलेली आगाऊ रक्कम, बहुधा हप्त्यांनी येतो, सहीच्या वेळी, मजकूर दिल्यावर आणि प्रकाशनानंतर, आणि तो पुढच्या रॉयल्टीतून वळता होतो.

शेवटी एक साधी नोंदवही करावी. कोणत्या तारखेला कोणाला काय पाठवले, काय उत्तर आले, कोणता हक्क किती वर्षांसाठी दिला आणि तो कधी परत येतो, हे तिच्यात मराठीतच लिहावे, म्हणजे घरातल्या कोणालाही वाचता येईल. कॉपीराइट आपल्यामागे ६० वर्षे राहणार आहे आणि तो वारसांकडे जातो, तेव्हा मृत्युपत्रात त्याचा वेगळा उल्लेख करावा आणि एजंटला वारसाचे नाव कळवावे. माझी नोंदवही घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये आहे; मागच्या महिन्यात मुलीला ती उघडून दाखवली आणि ज्या हक्काची मुदत २०३१ साली संपते त्या ओळीखाली तिने स्वतःच्या हाताने खूण केली.