बेळगावातून बेटांच्या हवामान सेवेत: नव्याने येणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं बीएस्सी झाली की विचारतात, ताई, हवामानात काय करता येतं? मी हवामान माहिती सेवेत काम करते, बरंचसं मालदीवच्या बेटांसाठी. समुद्र न पाहता वाढलेल्या माणसाला हे जमेल का, ही शंका सगळ्यांच्याच मनात असते. माझ्या मते आपल्या भागातल्यांना ते इतरांपेक्षा लवकर जमतं, आणि त्याला कारण आहे.

हवामानाचं मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारा संगणकावरचा प्रोग्राम, पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं. चौकोन पंचवीस किलोमीटरचा धरला तरी मालदीवच्या सुमारे १,२०० बेटांतलं एकही त्यात दिसत नाही. मॉडेलच्या लेखी तिथे नुसतं पाणी. आता आपल्याकडे बघा. घाटमाथ्यावर कणकुंबीला झड लागलेली असते तेव्हा बेळगावात भुरभुर, आणि पूर्वेला अथणीकडे ढग वरच्यावर निघून जातात. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे येताना पाऊस किती झपाट्याने कमी होतो, हे आपण एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. त्यामुळे चौकोनाच्या सरासरीवर विसंबू नये, गावातल्या पर्जन्यमापकाची जुनी नोंद शोधावी, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. डाउनस्केलिंग, म्हणजे मोठ्या चौकोनाचा अंदाज एका गावापुरता किंवा बेटापुरता बारीक करणं, त्या कामाचं मूळ तेच आहे.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. हंगामी अंदाज तीन भागांत येतो: सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका, सरासरीपेक्षा कमी. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाला ३३ टक्के. 'जास्त पावसाची शक्यता ४५ टक्के' म्हणजे पारडं थोडं झुकलंय, एवढाच अर्थ. हे मी मामांना खानापुरात बांधावर समजावत होते. वळीव होऊन गेला होता, रान तयार होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टक्के ऱ्हाऊ देत बाळ, भाताची धूळवाफ पेरणी आता करू की आठ दिवस थांबू, ते सांग." बेटावरचा माणूसही असाच बोलतो. तिथे गोड्या पाण्याचा पातळ थर खारट पाण्यावर तरंगत असतो, तोही उपशाने आणि २००४ च्या त्सुनामीने बऱ्याच बेटांवर बिघडला. पिण्यासाठी छपरावरून टाकीत साठवलेल्या पावसावर मोठी भिस्त. जानेवारी ते एप्रिल कोरडा काळ. त्याला अल् निनोचं, म्हणजे प्रशांत महासागर तापला की पाऊस कसा बदलतो याचं, व्याख्यान नको असतं. टाकी एप्रिलपर्यंत पुरेल का, की पाण्याची मागणी आतापासून नोंदवायची, एवढं हवं असतं. त्याला निर्णय कधी घ्यायचा आहे ते आधी विचारा, अंदाज नंतर काढा. माझ्या पाहण्यात हुशार मुलं इथेच अडकतात. नकाशे सुरेख काढतात, पण ते कुणासाठी, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मालदीवच्या मच्छीमारांचं जुनं पंचांग सत्तावीस नक्षत्रांचं आहे, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचं. मासेमारी, लावणी, वादळाचे दिवस सगळं त्यावर ठरतं. आपल्याकडे रोहिणी, मृग, आर्द्रा पाठ असतात, तसंच. भारतीय हवामान विभागाचा विस्तारित, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांचा, अंदाज दर गुरुवारी निघतो, आणि त्यातले पहिले दोन आठवडे म्हणजे जवळजवळ एक नक्षत्र. तो अंदाज नक्षत्राच्या मापात मांडून सांगितला की मामांसारखी माणसं लगेच प्रश्न विचारू लागतात. चर्चा सुरू झाली की निम्मं काम झालं समजा.

सीमेवर राहण्याचाही इथे उपयोग होतो. दूधगंगा-वेदगंगेचा पाऊस पडतो कोल्हापूर जिल्ह्यात, पाणी भरतं आपल्याकडे. ऑगस्ट २०१९ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गच बंद पडला होता. आकडे एका राज्याचे, पूर दुसऱ्याचा. इशारा कन्नडमध्ये, ऐकणारं घर मराठी. देशादेशांत हीच अडचण मोठ्या प्रमाणावर असते. म्हणून दक्षिण आशियाचे देश मोसमी पावसाचा एकत्रित अंदाज ठरवायला एकत्र बसतात. पहिली बैठक २०१० च्या एप्रिलमध्ये पुण्यात झाली. त्यात मालदीव आणि श्रीलंकाही असतात. कन्नड लिहा-वाचायला शिकाच. धारवाडच्या कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला शिवारात मराठीत नीट समजावून सांगणारा माणूस कायम लागतो.

शिक्षणाचं थोडक्यात: भौतिकशास्त्र, गणित किंवा कृषी शाखेची पदवी, मग पुणे विद्यापीठात किंवा कोचीनला वातावरणशास्त्राची एमएस्सी. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि संख्याशास्त्र याला पर्याय नाही. पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था, समुद्राची माहिती देणारं हैदराबादचं केंद्र इन्कॉइस, अनेक देशांना आपत्तीचे इशारे देणारी बँकॉकची संस्था राइम्स, यांच्या जागांवर लक्ष ठेवा. लक्षद्वीपच्या समुद्रस्थितीचा अंदाज इन्कॉइस देतं; बेटांचं काम शिकायला तिथून सुरुवात करता येते.

प्रवेश मिळेपर्यंत एक करा. घरामागे, छपरापासून आणि झाडांपासून लांब, पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला मोजा. दर गुरुवारचा अंदाज शेजारच्या रकान्यात उतरवा, आणि त्या आठवड्यात शेजाऱ्याने पेरणी, लावण, फवारणी यांतलं काय केलं तेही लिहा. रोहिणीपासून हस्तापर्यंतची ही वही मुलाखतीला घेऊन जा.