नजर फिरवू नका, थांबवा

विमान चालवायला शिकत होतो, सोलोच्या (पहिल्यांदा एकट्याने उडण्याच्या) आधीचं उड्डाण होतं. डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडण्याच्या टप्प्यावर) असताना रेडिओवर दुसऱ्या विमानाची पोझिशन ऐकू आली. मी डावीकडून उजवीकडे झरकन नजर फिरवली आणि ‘कुठेच दिसत नाही’ म्हणालो. ‘पुढे वाक,’ इन्स्ट्रक्टर म्हणाले. वीतभर वाकलो, तर विंडशील्डच्या खांबाआडून ते विमान बाहेर आलं. पोटात गोळाच आला.

त्या दिवशी माझ्या दोन चुका झाल्या. एक म्हणजे मान हलवली नाही. दुसरी चूक मोठी, आणि जवळपास प्रत्येक नवशिका ती करतो: नजर फिरवत राहिलो. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या नखाएवढ्या, म्हणजे साधारण २ अंशांच्या जागेतच डोळ्याला बारीक तपशील दिसतो. शिवाय नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी घेते, तेवढा वेळ मेंदू दृश्य गाळून टाकतो. म्हणून आकाशाचे १०-१० अंशांचे तुकडे करा (लांब धरलेल्या मुठीएवढा एक) आणि प्रत्येकावर निदान १ सेकंद थांबा.

धडकेच्या मार्गावरचं विमान काचेवर सरकत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं, हळूहळू मोठं होतं आणि अगदी शेवटी एकदम अंगावर येतं. काचेवर सरकणाऱ्या विमानापेक्षा मला या स्थिर ठिपक्याची धास्ती जास्त. दुसरं विमान दिसल्यापासून आपलं विमान वळेपर्यंत सुमारे १२.५ सेकंद धरतात. समोरासमोर, प्रत्येकी १०० नॉटने (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) येणारी दोन विमानं तेवढ्यात मिळून १.३ किलोमीटर अंतर कापतात. इतक्या लांबून ११ मीटर पंखांचं विमान त्या नखाच्या पाव रुंदीएवढंच दिसतं!

धुरकट, रिकाम्या आकाशात आणखी एक अडचण येते. बघायला काहीच नसलं की डोळे आपोआप जवळचा फोकस धरतात, आपल्याला ते कळतही नाही. मी मध्येमध्ये लांबचा ढग किंवा क्षितिजावरचा डोंगर शोधतो, तो नीट दिसला की पुन्हा तुकड्यांकडे वळतो. पॅनलवरून मान वर केल्यावरही हेच करतो. ट्रॅफिकचा (आसपासची विमानं दाखवणारा) स्क्रीन असला तरी यात सूट नाही, कारण ट्रान्सपॉन्डर (विमानाची माहिती सिग्नलने कळवणारं यंत्र) नसलेलं विमान किंवा ग्लायडर त्यावर येईलच असं नाही.

वळण्याआधी त्या बाजूला बघतोच. वरती पंख असलेल्या विमानात तर वळणाच्या बाजूचा पंख किंचित उचलून त्यामागचं आकाश आधी बघून घेतो, कारण एकदा बँक घेतला (विमान वळणाकडे कललं) की तोच पंख वळणाची सगळी बाजू झाकतो.