नेपल्सच्या जुन्या शहरात स्वस्त हॉटेलात राहण्याची तयारी

नेपल्समध्ये कमी खर्चात राहायचे ठरवले असेल, तर खोलीच्या आधी इमारतीची चौकशी करावी. जुन्या शहरातील पुष्कळशी स्वस्त हॉटेले स्वतंत्र इमारतीत नसून एखाद्या जुन्या, पाच-सहा मजली वाड्याच्या एका मजल्यावर असतात, आणि बाकीच्या मजल्यांवर कुटुंबे, वकिलांची कार्यालये किंवा आणखी एखादे छोटे हॉटेल असते. ग्रीकांनी इ.स.पूर्व पाचव्या शतकात नेआपोलिस वसवताना रस्त्यांची जी आखणी केली, तिच्यावरच आजचा व्हिया दे त्रिब्युनाली आणि स्पाक्कानापोली हा भाग उभा आहे. पुढे स्पॅनिश व्हाइसरॉयांच्या राजवटीत तटाबाहेर बांधकाम करण्यास मनाई होती, त्यामुळे वाढत्या वस्तीला तटाच्या आत उंच चढण्यावाचून दुसरा मार्ग राहिला नाही. १९९५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या या भागात अरुंद गल्ल्या, उंच भिंती, खालच्या मजल्यांवर पोहोचणारा थोडासा उजेड आणि दारापर्यंत न येऊ शकणारी मोटार या गोष्टी गृहीत धरूनच तयारीला लागावे लागते.

म्हणून आरक्षणापूर्वी मालकाला पहिला प्रश्न विचारावा तो मजल्याचा आणि लिफ्टचा. तळमजला वगळून मजले मोजण्याची तिकडची पद्धत आपल्यासारखीच आहे, पण या वाड्यांची छते इतकी उंच असतात की तिथला तिसरा मजला चढताना आपल्याकडच्या पाचव्या मजल्याइतकी दमछाक होऊ शकते. लिफ्ट आहे असे उत्तर आले तरी ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की अर्धा जिना चढल्यावर, तिच्यात दोन माणसे आणि एक मोठी बॅग मावते का, आणि ती पाहुण्यांना वापरता येते का, हे वेगळे विचारावे, कारण लिफ्ट पुष्कळदा जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेली असून फारच चिंचोळी असते. काही जुन्या इमारतींत लिफ्टमध्ये नाणे टाकावे लागते, तेव्हा पाच-दहा सेंटची नाणी पहिल्या दिवसापासून खिशात असू द्यावीत. सोबत आई-वडील किंवा गुडघेदुखीचे कोणी असेल, तर लिफ्ट नसलेली जागा कितीही स्वस्त आणि देखणी असली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे; दिवसभर चालून आलेल्या माणसाला रात्री ते ऐंशी-नव्वद पायऱ्यांचे दगडी जिने चढायला लावणे योग्य नाही.

दुसरी चौकशी प्रवेशाची. रस्त्यावर हॉटेलची मोठी पाटी दिसेलच असे नाही. दिसतो तो एक प्रचंड लाकडी दरवाजा, त्यातले छोटे दार आणि बाजूला दहा-पंधरा बटणांची घंटी, ज्यावर कधी हॉटेलचे तर कधी केवळ मालकाच्या कंपनीचे नाव असते. आत चौक, आणि चौकातून वर जाणारे दोन जिने असू शकतात, ज्यांना ‘स्काला आ’ आणि ‘स्काला बी’ म्हणतात. त्यामुळे पत्त्यासोबत घंटीवरचे नाव, जिन्याचे अक्षर आणि मजला या तीन गोष्टी लेखी मागवून घ्याव्यात आणि त्या फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडतील अशा तऱ्हेने जतन कराव्यात. अशा ठिकाणी स्वागतकक्ष चोवीस तास उघडा नसतो; कोणी संध्याकाळी सात-आठपर्यंतच थांबते, कोणी दाराचा संकेतांक व्हॉट्सॲपवर पाठवते आणि कोणी उशिरा येणाऱ्यांकडून जादा पैसे घेते. विमान रात्री उतरत असेल तर पोहोचण्याची वेळ आधी कळवून, त्यावर मालकाचे होकारार्थी उत्तर आल्याखेरीज निश्चिंत होऊ नये.

जागेचा कायदेशीरपणा तपासणेही आता सोपे झाले आहे. इटलीत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या जागांना आणि हॉटेलांना राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यावा लागतो; त्याला ‘चिन’ म्हणतात, आणि तो जाहिरातीत व दाराशी लावणे २०२५ पासून बंधनकारक आहे. जाहिरातीत हा क्रमांक नसेल, तर ती जागा सोडून द्यावी. पाहुण्यांची माहिती २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे हेही यजमानाचे कर्तव्य असते, म्हणून प्रत्येकाचा, अगदी लहान मुलांचाही, मूळ पासपोर्ट मागितला जाईल याची तयारी ठेवावी. त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. मात्र नोंद झाल्यावर पासपोर्ट त्याच वेळी परत घ्यावा.

वस्ती निवडताना नकाशावरच्या अंतरापेक्षा चढउतार आणि मेट्रोचे स्थानक पाहावे. मुख्य रेल्वे स्थानकासमोरचा पियाझ्झा गारिबाल्दी हा परिसर स्वस्त आहे आणि पहाटेची गाडी पकडायला सोयीचा, पण एका रात्रीपलीकडे तिथे राहण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण गर्दी आणि गोंगाट दोन्ही सतत असतात. क्वार्तिएरी स्पान्योली हा सोळाव्या शतकात स्पॅनिश सैनिकांच्या निवासासाठी वसवलेला भाग. तिथे जेवण स्वस्त आहे आणि गल्ल्यांना जिवंतपणा आहे, पण व्हिया तोलेदो या रस्त्यापासून वर जाल तसा चढ वाढतो आणि अरुंद गल्ल्यांतून स्कूटर सारख्या धावत असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी मेट्रोच्या पहिल्या मार्गावरील दान्ते किंवा मुझेओ या स्थानकांच्या आसपासची जागा सुचवेन, कारण तिथून त्रिब्युनालीचा भाग, पुराणवस्तू संग्रहालय आणि मुख्य रेल्वे स्थानक सगळेच हाताशी राहते. शांतता हवी असेल तर टेकडीवरचा व्होमेरो चांगला. तिथे फ्युनिक्युलरने, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने जाता येते, पण ती रात्री किती वाजेपर्यंत चालते हे पाहूनच रात्रीच्या जेवणाचे बेत आखावेत.

खोली ठरवताना खिडकी कुठे उघडते हे विचारण्याचे पुष्कळांच्या मनात येत नाही. रस्त्याकडची बाल्कनी छायाचित्रात सुंदर दिसते, पण पियाझ्झा बेल्लिनीसारख्या चौकाजवळ मध्यरात्रीनंतरही बोलणे, गाणे आणि हसणे चालू असते आणि सकाळी चर्चच्या घंटा ऐकू येतात. इमारतीच्या आतल्या चौकाकडची खोली अंधारी असली तरी झोप नीट लागते. पिवळ्या तूफ दगडाच्या जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात खोली थंड राहते, त्याच भिंतींमुळे वायफाय मात्र पलंगापर्यंत पोहोचत नाही, आणि खालच्या मजल्यांवर हिवाळ्यात ओल जाणवते. जुलै-ऑगस्टमध्ये वातानुकूलन आहे का आणि त्याचे पैसे वेगळे आहेत का, तर डिसेंबर-जानेवारीत खोली गरम करण्याची सोय दिवसभर चालते की ठरावीक तासच, हे नेमके विचारावे. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे दोघांचा एकच पलंग असतो. दोन मित्र किंवा भाऊ-बहीण जाणार असतील तर दोन स्वतंत्र पलंग हवेत असे आरक्षणाच्या वेळीच लिहावे.

स्नानगृह ‘खासगी’ असले तरी ते खोलीला जोडून असतेच असे नाही; कुलूप तुमचे, पण दार बोळाच्या दुसऱ्या टोकाला, अशी व्यवस्थाही खासगीच समजली जाते. इटालियन स्नानगृहात बिदे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्याचे बैठे भांडे, बहुधा असते, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांची एक मोठी काळजी मिटते. गरम पाणी मात्र पुष्कळदा छोट्या विजेच्या टाकीतून येते. चौघांचे कुटुंब असेल तर अंघोळी एकापाठोपाठ एक न उरकता काही सकाळी, काही रात्री अशा वाटून घ्याव्यात. इटलीतील घरगुती वीजजोडणी साधारणपणे ३ किलोवॉटची असते, आणि घराचेच रूपांतर केलेल्या निवासात वातानुकूलन, केस वाळवण्याचे यंत्र आणि पाणी तापवण्याची किटली एकदम लावली तर मुख्य बटण पडून सगळ्या मजल्यावर अंधार होऊ शकतो. पाण्यात बुडवायचा रॉड आणि छोटी शेगडी घरीच ठेवावी. खोलीत स्वयंपाक करण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि जुन्या इमारतीत तो धोका पत्करूच नये. वीजदाब २३० व्होल्ट असल्याने आपली उपकरणे चालतात, पण तिथल्या सॉकेटमध्ये तीन छिद्रे एका ओळीत असतात आणि आपला तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही. एक चांगला ॲडॅप्टर आणि त्याला जोडायला घरचा छोटा एक्स्टेंशन बोर्ड घेतला की सगळ्यांचे फोन रात्रीतून भरतात.

कागदपत्रांत, इटलीला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा पुरावा लागतो, आणि इथेच स्वस्त निवास निवडणाऱ्यांनी दक्ष राहावे. आरक्षणपत्रावर एकट्याचे नव्हे, तर सर्व प्रवाशांची नावे पासपोर्टवर आहेत तशीच असावीत, आणि व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षणच घ्यावे. थोडे पैसे वाचवण्यासाठी परत न मिळणारी रक्कम आधी भरू नये. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून मुंबई-पुण्याच्या प्रवाशांनी दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा असावा लागतो, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध असावा लागतो.

पैशांचा हिशेब करताना आरक्षणाच्या रकमेवर शहराचा मुक्काम कर वेगळा धरावा. तो दर माणशी, दर रात्री आकारला जातो, निवासाच्या प्रकारानुसार बदलतो, आणि छोट्या ठिकाणी रोख मागितला जाण्याची शक्यता असते. त्याची पावती घ्यावी. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार स्वतः सुरू करावे लागतात, तेव्हा ते निघण्यापूर्वीच करावेत. बँकेचा ओटीपी ज्या क्रमांकावर येतो तो क्रमांक तिथे चालू राहील अशी व्यवस्थाही आधी करावी, नाहीतर खात्यात पैसे असूनही रेल्वेचे तिकीट काढता येत नाही.

शाकाहारी वाचकांसाठी दोन शब्द सविस्तर लिहितो, कारण नेपल्स हे शाकाहाऱ्यांसाठी उत्तम शहर आहे, पण तिथे फसगतीच्या जागाही आहेत. मारिनारा पिझ्झात टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल एवढेच असते, मार्गेरिता सर्वत्र मिळते, आणि वांग्याची पार्मिज्याना पोटभरीची असते. मात्र तिथल्या चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी प्राण्यांपासून काढलेले रेनेट वापरण्याची रीत असल्याने ते न चालणाऱ्यांनी मारिनाराच मागवावा. मिरी-बदामाचे खुसखुशीत ताराल्ली पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत करतात, पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्ला या गोड पदार्थातही ती असते, आणि पावट्यासारख्या दाण्यांच्या पास्तात डुकराचे मांस घातलेले असू शकते. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा स्त्रुत्तो’, म्हणजे मांस आणि डुकराची चरबी नको, एवढे कागदावर लिहून ठेवावे आणि दाखवावे. घरून खाऊ न्यायचा तर मेतकूट, सुकी चटणी, खाकरे आणि कमी तेलाचा चिवडा न्यावा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे, त्यामुळे तूप, पेढे, बर्फी आणि खवा बॅगेत नकोतच. स्वस्त निवासातला नाश्ता म्हणजे बहुधा शेजारच्या बारमध्ये, म्हणजे तिकडच्या कॉफीच्या दुकानात, मिळणारी कॉफी आणि कोर्नेत्तो हा क्रोसाँसारखा गोड पाव. ज्यांना सकाळी पोटभर लागते त्यांनी आदल्या दिवशी फळे आणि पाव आणून ठेवावा. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, म्हणून भरून घेण्याची बाटली सोबत ठेवावी.

तारखा ठरवताना संग्रहालयांच्या सुट्ट्या पाहाव्यात. पुराणवस्तू संग्रहालय आणि सान्सेव्हेरो चॅपेल दोन्ही मंगळवारी बंद असतात, आणि चॅपेलची तिकिटे आधीच घ्यावी लागतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये विनामूल्य असल्याने जवळच्या पोंपेई या प्राचीन शहराच्या अवशेषांत त्या दिवशी मोठी गर्दी होते. १५ ऑगस्टच्या आसपास पुष्कळ छोटी भोजनालये बंद असतात. १९ सप्टेंबरला सान जेन्नारो या शहराच्या संरक्षक संताचा उत्सव असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सान ग्रेगोरियो आर्मेनो या नाताळच्या देखाव्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि आसपासचे भाडेही वाढते. वाहतुकीचे संप तिथे आधी जाहीर होतात, तेव्हा पोंपेईला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी चिर्कुमवेझुव्हियाना या तिकडे जाणाऱ्या लोकल रेल्वेच्या गाड्या चालू आहेत ना, हे यजमानाला विचारून घ्यावे. त्या गाड्यांत गर्दीच्या वेळी पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी.

सामान कमी असावे, याचे कारण रस्ते. व्हेसुव्हियसच्या काळ्या लाव्हा दगडाच्या फरशांवरून छोट्या चाकांची जड बॅग ओढणे त्रासाचे असते, आणि टॅक्सी पुष्कळदा शेवटच्या दोनशे मीटरच्या अलीकडेच सोडते. पाठीवर घेता येणारी सॅक उत्तम. विमानतळापासून अलिबस ही बस मुख्य रेल्वे स्थानकाला आणि बंदराला जाते. टॅक्सीच घ्यायची असेल तर ठरावीक मार्गांसाठीचे निश्चित भाडे असते, पण ते बसण्यापूर्वी मागावे लागते. निघण्याच्या दिवशी खोली साधारण दहा-अकरापर्यंत सोडावी लागते आणि विमान संध्याकाळचे असेल तर सामान कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतो. स्वागतकक्षच नसलेल्या ठिकाणी ती सोय असेलच असे नाही, म्हणून ती आरक्षणाच्या वेळीच लेखी ठरवून घ्यावी, नसल्यास रेल्वे स्थानकावरील सामानघराचे पैसे हिशेबात धरावेत. चावी कुठे ठेवायची हे आदल्या रात्री विचारावे आणि मुक्काम कराची पावती कागदपत्रांच्या पाकिटात टाकून मगच बाहेर पडावे.