ज्यूद्वेषाची धार्मिक मुळं कशी शोधावीत

सुरुवात मध्ययुगापासून करू नका. आधी मत्तयच्या शुभवर्तमानातला २७:२५ हा श्लोक वाचा: येशूच्या रक्ताचा दोष जमाव स्वतःवर आणि मुलाबाळांवर घेतो. येशू आणि त्याचे शिष्य ज्यूच होते; म्हणजे भांडण मुळात घरातलं. क्रूसाची शिक्षा तर रोमनांची. पण पुढे ख्रिस्ती धर्म वेगळा झाला आणि त्या एका श्लोकावरून दोष अख्ख्या समाजावर, पिढ्यानपिढ्या लादला गेला.

मग वहीत दोन रकाने आखा, एकात शिकवण, दुसऱ्यात तिचे परिणाम. पहिल्यात ३८६-८७ मधली अंतियोख शहरातली जॉन क्रिसोस्टम या ख्रिस्ती धर्मगुरूची प्रवचनं. ती वाचताना श्रोते कोण हे बघा. त्याचा राग होता तो ज्यूंच्या सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर. दुसऱ्यात १०९६ ची जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यूंची कत्तल, ११४४ नंतर इंग्लंडमधल्या नॉरिचमध्ये ज्यूंवर रचलेला बालहत्येचा आळ आणि १२१५ ची चर्चने ज्यूंवर केलेली वेगळ्या पोशाखाची सक्ती.

नेहमीची चूक म्हणजे ज्यूद्वेषाचं सगळं खापर ज्यूंच्या सावकारीवर फोडणं. आळ सावकारांपुरता कधीच नव्हता. उलट बाजूही नोंदवा: १३४८ मध्ये पोप क्लेमेंट सहाव्याने ज्यूंनी प्लेग पसरवल्याचा आरोप खोडून काढला, तरी स्ट्रासबुर्गमध्ये १३४९ ला ज्यूंना जाळलंच. सामूहिक दोषाची कल्पना व्हॅटिकनने अधिकृतपणे नाकारली ती १९६५ मध्ये.